लेखन शिकविणाऱ्याचें शिक्षण

वैद्य आपली विद्या रुग्णाच्या उशाशीं बसून शिकतो, सोनार बापाच्या ऐरणीपाशीं, आणि गवई गुरूच्या मागें तंबोरा धरून. कोणत्याहि व्यवसायांत नवशिक्यानें आधीं पाहावें, मग हात घालावा, आणि तो हात घालीत असतांना जाणत्याची नजर त्याच्यावर असावी, असा शिरस्ता आहे. कॉलेजांतील अध्यापकाच्या व्यवसायांत, निदान विद्यार्थ्यांचें लेखन सुधारण्याच्या कामांत, हा शिरस्ता पाळलेला दिसत नाहीं. एम्. ए. होऊन आलेल्या तरुणाच्या हातीं पहिल्याच सहामाहींत निबंधांचा एक गठ्ठा पडतो. त्याचें काय करावयाचें हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें, व तें काम चांगल्या रीतीनें करणारा दुसरा माणूस त्यानें कधीं जवळून पाहिलेलाहि नसतो. त्याला आठवते ती एवढीच गोष्ट, कीं आपल्या वह्या शिक्षकांकडून परत येत तेव्हां त्या तांबड्या होऊन येत. तेंच तो पुढें चालवितो.

मींहि तेंच चालविलें. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं पहिल्या वर्गांतील एका खेडेगांवच्या विद्यार्थ्यानें 'माझा शाळेंतील पहिला दिवस' या विषयावर सात पानें लिहून आणलीं. मजकूर जिवंत होता. पण 'अनुभव' हा शब्द त्यानें 'अणुभव' असा, 'मनुष्य' हा 'मणुष्य' असा व 'आनंद' हा 'आणंद' असा लिहिला होता, आणि अशा एकोणीस जागा त्या सात पानांत होत्या. मीं त्या सर्वांभोंवतीं तांबडीं वर्तुळें काढलीं, खालीं 'आधीं शुद्धलेखन शिका, मग निबंध लिहा' असा शेरा मारला, आणि, हें सांगतांना आज शरम वाटते, ते एकोणीसहि शब्द माझ्या रोजनिशींत उतरून घेतले. कारण अध्यापकांच्या खोलींत चहाच्या वेळीं असे मासले वाचून दाखविण्याची आम्हां तरुण मंडळींत प्रथा होती. पुढच्या खेपेस त्या विद्यार्थ्याची वही आली ती एका पानाची. वाक्यें तोकडीं, शब्द ठरीव, चूक जवळजवळ नाहीं. मीं खालीं 'सुधारणा आहे' असें लिहिलें. वस्तुतः काय झालें होतें हें कळावयास मला बारा वर्षें लागलीं, आणि तेंहि एका परक्या शहरांतील कांहीं शिक्षकांच्या इतिहासामुळें कळलें. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विद्यार्थ्याच्या लेखनावर तुटून पडण्याची ही रीत पुरातन काळापासून सर्वमान्य होती असें समजण्याचें कारण नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोम येथें वक्तृत्वाचे वर्ग चालविणारा क्विंटिलियन हा मुलांच्या लेखनाविषयीं लिहितांना शेतकऱ्याचा दाखला देतो: कोवळ्या पालवीला कोयता लावूं नये, कारण ती अद्याप घाव सोसण्याइतकी जून झालेली नसते. फार कडक शिक्षकाच्या हाताखालीं मुलें सर्वच गोष्टींस भिऊं लागतात व शेवटीं कांहीं करून पाहण्याचेंच सोडून देतात, असेंहि त्यानें बजावलें आहे. शिक्षकांनीं हा ग्रंथ शेंकडों वर्षें वाचला. परंतु वाचणें निराळें आणि गठ्ठा पुढें आल्यावर हात आवरणें निराळें.

आज आपण जी रीत पाहतों तिला जोर चढला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८७४ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड येथें प्रवेशेच्छु विद्यार्थ्यांकडून इंग्रजींत एक लहानसा निबंध लिहवून घेण्यास प्रारंभ झाला. १८८५ च्या सुमारास ॲडम्स शर्मन हिल या प्रोफेसरांच्या आग्रहावरून लेखनाचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाच्या वर्गांत आणण्यांत आला, आणि बॅरेट वेंडेल हे तर विद्यार्थ्यांकडून रोज एक पान लिहवून घेऊं लागले. रोज पान लिहावयाचें म्हणजे रोज तें कोणीतरी तपासावयाचें, आणि तपासणारे हात थोडे. तेव्हां तपासणी म्हणजे खुणा, आणि खुणा म्हणजे चुका, असें समीकरण आपोआपच बसलें. पुढें हार्वर्डच्या नियामकांनीं या सर्व प्रकाराची चौकशी करण्यासाठीं एक समिति नेमली. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स, संपादक गॉडकिन व जोशिया क्विन्सी हे तिचे सभासद. तिघेहि प्रतिष्ठित, पण लेखन शिकविण्याचा धंदा त्यांतील एकाचाहि नव्हता. त्यांनीं विद्यार्थ्यांचे कागद वाचले, त्यांपैकीं कांहीं मूळ हस्ताक्षरांत छापून प्रसिद्धहि केले, आणि शाळा आपलें काम करीत नाहींत, असा निष्कर्ष काढला. माझी रोजनिशी आणि त्या थोर गृहस्थांचा अहवाल यांत जातीचा फरक नव्हता. दोहोंतहि विद्यार्थ्याचें लेखन पुरावा म्हणून मांडलेलें होतें. तो पुरावा कशाचा, हें मात्र वाचण्यापूर्वींच ठरून गेलें होतें.

या रीतीला कंटाळलेले लोक मधून मधून निघत. १९३४ सालीं आयोवा विद्यापीठांत कॅरी स्टॅन्ली या बाईंनीं लेखनाची एक 'प्रयोगशाळा' चालू केली. विद्यार्थ्यानें घरून लिहून आणावें व शिक्षकानें घरीं नेऊन तपासावें, या ऐवजीं विद्यार्थी लिहीत असतांनाच शिक्षकानें जवळ असावें, ही अशा प्रयोगशाळांमागील कल्पना. तीमुळें शिक्षकाला प्रथमच लेख तयार होतांना दिसूं लागला. परंतु त्या पाहण्यांतून शिक्षकानें स्वतः काय शिकावें, हा प्रश्न पुरतेपणीं पुढें आला तो आणखी छत्तीस वर्षांनीं, न्यूयॉर्क शहरांत.

न्यूयॉर्कचें सिटी कॉलेज १८४७ सालीं 'फ्री ॲकॅडमी' या नांवानें निघालें, आणि गरिबांच्या मुलांस विनामूल्य उच्च शिक्षण देणें हें त्याचें ब्रीद होतें. मूल्य नसलें तरी प्रवेशाची अट कडक होती; त्यामुळें ज्या हार्लेम वस्तीच्या टेकडीवर तें उभें होतें त्याच वस्तींतील काळ्या व पोर्तो रिको बेटांतून आलेल्या कुटुंबांचीं मुलें आंत फारशीं दिसत नसत. १९६९ च्या वसंतऋतूंत या विद्यार्थ्यांनीं कॉलेजाच्या इमारतींचा ताबा घेतला. त्या लढ्याचा परिणाम असा झाला कीं, १९७५ सालासाठीं योजिलेली सुधारणा पांच वर्षें आधींच, म्हणजे १९७० च्या शरदांत अमलांत आली: शहरांतील माध्यमिक शाळेची परीक्षा उतरलेल्या प्रत्येकास शहराच्या विद्यापीठांत कोठेंना कोठें जागा मिळूं लागली. हजारों नवे विद्यार्थी आले. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत एका वेळीं एका परिच्छेदापेक्षां अधिक क्वचितच लिहिलेलें असावें. अध्यापकवर्गांत एकच हाकाटी झाली, कीं हीं मुलें कॉलेजाच्या योग्यतेचीं नव्हेत.

या मुलांना लिहावयास शिकविण्याच्या कामाची सूत्रें मिना शॉनेसी या बाईंकडे होतीं. त्यांचा जन्म १९२४ सालीं दक्षिण डाकोटा प्रांतांतील लीड या सोन्याच्या खाणीच्या गांवीं झाला. नाट्यकलेचें शिक्षण घेऊन त्या नटी होण्यासाठीं न्यूयॉर्कला आल्या, आणि पुढें शिक्षिका झाल्या. १९६७ पासून त्या सिटी कॉलेजांत होत्या. आपल्या पुस्तकाच्या प्रास्ताविकांत त्यांनीं एक प्रसंग सांगितला आहे. विद्यार्थ्यांनीं पहिला निबंध लिहून दिला होता, वर्ग रिकामा झाला होता, आणि बाई त्या जुनाट खोलींत एकट्या बसून ते कागद वाचीत होत्या. काम कोठून सुरू करावें हें तर राहोच, अडचण काय आहे हेंहि त्यांना सांगतां येईना. त्या नुसत्या पुन्हां पुन्हां वाचीत बसल्या.

हें पुन्हां पुन्हां वाचणें हाच पुढें त्यांचा मार्ग झाला. १९७० ते १९७४ या काळांतील प्रवेशाच्या वेळचे सुमारें चार हजार निबंध त्यांनीं अभ्यासिले, आणि १९७७ सालीं 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. हस्ताक्षर व विरामचिन्हें येथपासून वाक्यरचना, शब्दांचीं रूपें, वर्णलेखन, शब्दसंग्रह येथपर्यंत एकेका प्रकारची चूक हातीं घ्यावयाची, तिचीं अनेक उदाहरणें शेजारीं शेजारीं मांडावयाचीं, आणि तीं लिहिणारा त्या क्षणीं काय करूं पाहात होता हें विचारावयाचें, अशी त्यांची पद्धति आहे. ऐंशीं वर्षांपूर्वीं हार्वर्डच्या समितीनें ज्या प्रकारचे कागद वाचले त्याच प्रकारचे कागद या बाईंनीं वाचले. पण निष्कर्ष उलट निघाला. हीं मुलें आळशी नाहींत, मंद नाहींत. तीं नवशिकीं आहेत, आणि नवशिका चुकत चुकतच शिकतो. त्यांच्या चुकांत एक पद्धति असते. बहुधा कोठल्यातरी अर्धवट शिकलेल्या नियमाचा ती प्रामाणिक अंमल असते. मात्र चूक क्षम्य म्हणून ती असूं द्यावी, असें बाई म्हणत नाहींत. अशुद्ध वाक्यामुळें वाचकाला नाहक श्रम पडतात, तो कंटाळतो, आणि नुकसान लिहिणाराचेंच होतें, हें त्या स्पष्टपणें सांगतात. त्यांचें म्हणणें एवढेंच, कीं जी चूक आपल्याला उमगली नाहीं ती आपल्याला दुरुस्तहि करतां यावयाची नाहीं.

परंतु मला स्वतःला अधिक लागलें तें त्यांचें दुसरें एक लहान व्याख्यान. तें १९७५ सालीं दिलें व पुढच्या वर्षीं छापलें गेलें. त्या सुमारास अशा विद्यार्थ्यांच्या 'विकासा'विषयीं चोहोंकडे लिहिलें जात होतें. बाईंनीं बाजू उलटविली आणि शिक्षकाचा विकास कसा होतो तें सांगितलें. त्याच्या त्यांनीं चार पायऱ्या कल्पिल्या आहेत. पहिल्या पायरीवर शिक्षक किल्ल्याच्या बुरुजावर पहारा देत उभा असतो. आलेल्या मंडळींस आंत घेऊं नये एवढीच त्याची चिंता. दुसरीवर तो मिशनऱ्यासारखा नेटिवांस दीक्षा देऊं पाहतो; विद्यार्थी म्हणजे रिकामें भांडें, आपण ज्ञान ओतावें, असें त्याला वाटतें, आणि तें कां ठरत नाहीं हें त्याला समजत नाहीं. तिसऱ्या पायरीवर तो थांबून पाण्याचा ठाव घेऊं लागतो. विद्यार्थी लिहितांना काय करतात हें पाहतो, आणि आपण स्वतः लिहितांना काय करतों हेंहि तपासतो. चौथ्या पायरीवर तो पाण्यांत उडी घेतो, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांचा विद्यार्थी होतो. बुरुजावरील पहारेकऱ्याचें वर्णन वाचतांना मला माझी रोजनिशी आठवली.

मीं ती शोधून काढली, आणि बारा वर्षांनंतर ते एकोणीस शब्द प्रथमच *वाचले*. त्या एकोणिसांत 'न' च्या जागीं 'ण' घातलेला होता. 'ण' च्या जागीं 'न' असा प्रकार एकहि नव्हता. आपल्या प्रांतांत पुष्कळ ठिकाणीं बोलण्यांत 'ण' चा उच्चार 'न' असाच होतो. लोक 'पानी' म्हणतात, 'कोन' म्हणतात. अशा घरचा मुलगा शाळेंत आला म्हणजे त्याला प्रथम हंसूं ऐकूं येतें तें याच अक्षरावरून. त्यावरून त्यानें मनाशीं एक नियम बांधला, कीं शुद्ध माणसें 'ण' म्हणतात. कॉलेजांतील पहिल्या निबंधांत, भारदस्त शब्द लिहावयाची वेळ आली तेव्हां, त्यानें तो नियम इमानानें पाळला. ज्या जागीं तो सर्वांत अधिक चुकला होता ती जागा त्यानें सर्वांत अधिक काळजीनें लिहिली होती. त्याला एका बैठकींत उलगडून सांगतां आलें असतें, कीं संस्कृतांतून जसेच्या तसे आलेले शब्द कोणते, आणि त्यांतील 'न' बोलीमुळें बदललेला नसून मूळचाच आहे. त्या ऐवजीं मीं त्याला गप्प बसविलें. एका पानाची ती निर्दोष वही म्हणजे सुधारणा नव्हती. ज्या ज्या शब्दांत धोका होता ते ते शब्द त्यानें टाळले होते, आणि शाळेच्या पहिल्या दिवसाविषयीं सांगण्यासारखें जें होतें तेंहि त्यांच्याबरोबरच गेलें. तो विद्यार्थी पुढें बेताच्या गुणांनीं उत्तीर्ण होऊन गेला. त्याची क्षमा मागण्याचा प्रसंग मला आला नाहीं.

असो. शॉनेसीबाईंच्या मार्गांत एक व्यावहारिक अडचण उघड आहे. चार हजार निबंध असे वाचणारे शिक्षक किती निघणार? विद्यार्थी हजारों आणि जाणते मोजके. मग विद्यार्थ्यांनींच विद्यार्थ्यांस मदत कां करूं नये? ही कल्पना आपल्या देशाला नवी नाहीं, आणि तिच्या पहिल्या मोठ्या प्रयोगाचें काय झालें हें येथें सांगितलें पाहिजे. १७८९ सालीं अँड्र्यू बेल हा स्कॉच धर्मोपदेशक मद्रास येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. तिकडील देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें काढीत असलेलीं त्यानें पाहिलीं. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटीचाच तो प्रकार. ही रीत आपल्या आश्रमांत आणण्यास हाताखालचे शिक्षक नाखूष दिसले, तेव्हां त्यानें आठ वर्षांच्या एका मुलाकडे तें काम दिलें, आणि त्या मुलानें तें उत्तम केलें. १७९७ सालीं बेलनें लंडन येथें या प्रयोगाचा वृत्तांत छापला, आणि पुढें जोसेफ लँकेस्टर व तो, दोघांच्या खटपटीनें, 'मॉनिटर'-पद्धतीच्या शाळा इंग्लंडभर पसरल्या. एक शिक्षक व शेंकडों मुलें, मध्यें वरच्या मुलांची उतरंड, खर्च थोडा. परंतु पसरतां पसरतां त्या पद्धतीचें यंत्र झालें. मॉनिटर धडा घोकून घेई, चूक झाली कीं खूण करी. समोरचा मुलगा कां चुकला हें पाहावयास त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें. बेलनें स्वतः डोळे उघडे ठेवून पाहिलें म्हणून त्याला पद्धति सांपडली; पुढें पद्धति राहिली आणि पाहणें गेलें.

न्यूयॉर्कच्या मंडळींनीं हा दोष टाळला, आणि तें श्रेय मुख्यतः ब्रुकलिन कॉलेजचे प्रोफेसर केनेथ ब्रफी यांचें आहे. १९७० नंतर तेथेंहि नव्या विद्यार्थ्यांसाठीं सल्लागार, शिकवण्या इत्यादि सोयी काढण्यांत आल्या होत्या. पण ज्यांच्यासाठीं त्या काढल्या तेच विद्यार्थी तिकडे फिरकत नसत. जी गोष्ट वर्गांत त्यांना परकी वाटे तीच वर्गाबाहेर पुन्हां घेण्याची त्यांना इच्छा नव्हती, असा ब्रफी व त्यांचे सहकारी यांचा तर्क झाला. म्हणून त्यांनीं मदतनीस म्हणून विद्यार्थीच नेमले. आणि ज्यांना मदत मिळाली त्यांचें काम सुधारलें, तसेंच मदत करणारेहि त्या कामांतून शिकले, असें त्यांना दिसून आलें.

ब्रफी यांनीं या मदतनिसांस नियमांचें पुस्तक हातीं देऊन बसविलें नाहीं. त्यांच्यासाठीं अभ्यासक्रम होता आणि त्यांत मुख्य काम लिहिण्याचें. प्रत्येकानें स्वतः निबंध लिहावयाचा, तो सोबत्यास वाचावयास द्यावयाचा. सोबत्यानें आधीं केवळ वर्णन करावयाचें: या परिच्छेदांत काय सांगितलें आहे, आणि एकंदर लेखांत तो कोणतें काम करतो. बरें-वाईट म्हणण्याचा अधिकार त्यानंतर. मग मूळ लेखकानें त्या टीकेस उत्तर द्यावयाचें. ज्यानें हें स्वतः सोसलें आहे त्याला दुसऱ्याच्या कागदावर घाईनें हात टाकवत नाहीं. या विचाराला ब्रफी यांना आधार मिळाला तो वैद्यकाच्या क्षेत्रांतून. लंडन येथें ॲबरक्रॉम्बी या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनीं वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांचें पुस्तक १९६० सालीं निघालें होतें. क्ष-किरणांचीं चित्रें विद्यार्थ्यांपुढें ठेवलीं असतां जो तो आपण आधींच गृहीत धरलेलें तेंच चित्रांत पाहतो, आणि शेजाऱ्यानें निराळें पाहिलें असें कळल्यावरच आपली गृहीतें त्याच्या ध्यानांत येतात, असें त्या बाईंना आढळलें. एकट्यानें पाहण्यापेक्षां मंडळींत बसून, एकमेकांचें पाहणें तपासून, रोगपरीक्षेची दृष्टि लवकर येते. निबंधाच्या परीक्षेलाहि हें तंतोतंत लागू आहे.

जवळ बसून पाहिल्यावांचून जें कधींच दिसत नाहीं त्याचा एक दाखला १९८० सालीं डेव्हिड बार्थोलोमी यांनीं दिला. त्यांनीं एका विद्यार्थ्याला त्याचाच निबंध मोठ्यानें वाचावयास सांगितलें. कागदावर चूक असतांना तो तोंडानें बरोबर वाचीत जाई, आणि आपण कागदाहून निराळें कांहीं वाचलें हें त्याच्या गांवींहि नसे. म्हणजे ज्या गोष्टी आपण 'अज्ञान' म्हणून तांबड्या करतों त्यांपैकीं कित्येक त्याला येतच असतात. चूक ज्ञानांत नसून डोळा, हात व कागद यांच्या मधल्या वाटेवर असते. घरीं नेलेल्या गठ्ठ्यांतून हा भेद कोणत्याहि विद्वानास कळणें शक्य नाहीं.

या इतिहासाचा शेवट सुखान्त आहे असें म्हणतां येत नाहीं. १९७५-७६ सालीं न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलें. १९७६ च्या शरदांत शहराच्या विद्यापीठानें फी बसविली, आणि १८४७ पासूनची विनामूल्य शिक्षणाची परंपरा तुटली. शॉनेसीबाई १९७८ च्या नोव्हेंबरांत, अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं, कर्करोगानें वारल्या. १९९९ सालीं विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं वरिष्ठ कॉलेजांतून अशा तयारीचे वर्ग काढून टाकण्याचा निर्णय घेतला. बाईंच्या पुस्तकावर टीकाहि झाली. शुद्ध भाषेचा अधिकार त्यांनीं फार निमूटपणें मान्य केला आणि ती शिकतांना विद्यार्थ्याला आपल्या घरच्या भाषेशीं जो झगडा करावा लागतो त्याकडे पुरेसें पाहिलें नाहीं, असा १९९० नंतरच्या कांहीं लेखकांचा आक्षेप आहे. तो अगदींच निराधार आहे असें मला वाटत नाहीं; 'पानी' म्हणणाऱ्या घरचा मुलगा 'पाणी' लिहूं लागतो तेव्हां तो केवळ एक अक्षर बदलीत नसतो. तथापि विद्यार्थ्यांनीं विद्यार्थ्यांच्या लेखनास मदत करण्याची रीत मात्र अमेरिकेंतील कॉलेजांत रुजली. १९८४ सालीं स्टीफन नॉर्थ यांनीं तिचें ध्येय नेमक्या शब्दांत मांडलें: आपलें काम पुढ्यांतला लेख सुधारण्याचें नसून लेखक सुधारण्याचें आहे.

हें वाचून स्वस्थ बसणें मला शक्य झालें नाहीं. आमच्या कॉलेजाच्या ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यांत, बांधीव मासिकांच्या कपाटाआड, दोन बांकें मांडून मीं एक छोटा प्रयत्न कांहीं वर्षांपूर्वीं सुरू केला. वरच्या वर्गांतील चार-पांच विद्यार्थी आठवड्यांतून दोन दिवस दुपारीं तेथें बसतात, आणि ज्याला हवें असेल तो आपला निबंध घेऊन येतो. नव्या मदतनिसानें पहिला महिना केवळ पाहावयाचें व पाहिलेलें टिपून ठेवावयाचें. दुसऱ्या महिन्यांत त्यानें बसावयाचें आणि जुन्यानें त्याला पाहावयाचें. नियम दोनच: निबंध ज्याचा त्यानें तो मोठ्यानें वाचावा, आणि पेन्सिल त्याच्याच हातांत राहावी.

पहिल्याच वर्षीं त्या कपाटाआड उभें राहून मीं जें पाहिलें तें सांगतों. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मदतीस बसली होती आणि पहिल्या वर्षाचा एक मुलगा आपला निबंध वाचीत होता. त्याचें एक वाक्य क्रियापदावांचून लोंबत होतें. वाचतांना मात्र तो क्रियापद तोंडानें घालून पुढें गेला. मुलगी कांहीं बोलली नाहीं. 'एवढा भाग परत वाच ना,' एवढेंच म्हणाली. त्यानें वाचलें, पुन्हां तेंच. मला राहवेना, मी असतों तर त्या जागीं बोट ठेवून मोकळा झालों असतों. ती नुसती कागदाकडे पाहात राहिली. तिसऱ्या वेळीं तो वाक्याच्या मध्येंच थांबला, वरच्या ओळीकडे गेला, हंसला, आणि त्यानें 'होतें' हा शब्द लिहिला. मग, कोणी न सांगतां, तो पुढचें प्रत्येक वाक्य बोट ठेवून वाचूं लागला. तिनें जो वेळ दिला तो घड्याळानें अर्ध्या मिनिटापेक्षां अधिक नसेल. तेवढा वेळ मीं माझ्या नोकरींत कोणा विद्यार्थ्यास दिल्याचें मला आठवेना. त्या दिवसापासून तिच्या शेजारीं बसून टिपणें घेण्याची पाळी माझीहि असे.

अशा प्रयत्नाचें फळ परीक्षेच्या निकालांत मोजून दाखवितां येईल असा माझा दावा नाहीं. शंभर विद्यार्थ्यांत दहा तेथें येतात. त्यांतील कित्येक परत येत नाहींत. निबंधांचे गठ्ठे अजून घरीं न्यावेच लागतात, आणि तांबडी शाई मीं सोडलेली नाहीं. मात्र पहिल्या वाचनांत ती हातांत घेत नाहीं.

ती रोजनिशी मीं जपून ठेवली आहे. दरसाल नवे मदतनीस आले म्हणजे पहिल्या दिवशीं तें पान त्यांच्यापुढें ठेवतों, आणि 'यांत काय दिसतें?' असें विचारतों. बहुतेक जण प्रथम हंसतात. मीहि हंसलोंच होतों. मग कोणीतरी एक जण शब्दांवरून बोट फिरवूं लागतो, मनाशीं कांहीं मोजतो, आणि म्हणतो, 'सर, हा सगळीकडे एकाच बाजूला चुकलाय.' तेथून आमचा अभ्यास सुरू होतो.